संघमित्राताईचं फिजिक्स कुठं गेलं?

“ताई, शेवटी फायनान्समध्येच जायचं होतं, तर पाच वर्षं फिजिक्समध्ये वाया कावून घालवली?”

प्रश्न रोशनीचा नव्हताच, मैत्रिणींचा होता. “भरल्या सभेत विचारून दाखव, एक प्लेट गुपचुप आमच्याकडून!” अशी पाणीपुरीची पैज लागली होती. आणि दहावीत ब्याण्णव टक्के पडल्यापासून रोशनी कुणाच्या बापाला भीत नव्हती! भिलाईच्या त्या बुद्धविहारात विद्यार्थ्यांचा सत्कार चालला होता. माइक हातात येताच तिनं विचारूनच टाकलं.

पहिल्या रांगेतल्या जानरावांचा, म्हणजे रोशनीच्या थोरल्या काकांचा, मोठेबाबांचा, चेहरा उतरला. उभा जन्म त्यांनी स्टील प्लांटच्या भट्टीपुढे काढला. लेक संघमित्रा एमएस्सी झाली याचा त्यांना केवढा अभिमान! ती विमा कंपनीत लागली, तरी सत्काराच्या यादीत तिच्या नावापुढे ते दरवर्षी ‘वैज्ञानिक’च लिहायला लावत. आज ती पाहुणी म्हणून मंचावर होती, तीही ‘वैज्ञानिक’ म्हणूनच!

“रोशनी, खाली बस!” तिचे बाबा, प्रफुल, दबक्या आवाजात खेकसले.

ती बसली नाही. प्रश्न मैत्रिणींचा असला, तरी उत्तर तिलाच हवं होतं. अकरावीचा फॉर्म उद्या द्यायचा होता. तिला फिजिक्सही आवडे आणि इकॉनॉमिक्सही. बाबांचा हुकूम मात्र ठरलेला, “फिजिक्स घेशीन तर इंजिनीअरच व्हा लागन. नाही तं सीधं कॉमर्स घे. दोन डगरींवर हात नाही पाहिजे!”

संघमित्राताई हसली. “बाबा, आता खरं सांगू द्या मले. मी वैज्ञानिक नाही. सालभरात कितीक घराइले आग लागन, कितीक ठिकानी पूर येईन, याचा अंदाज मी काढते. आन वाया काहीच गेलं नाही, रोशनी! भट्टीतल्या हवेचा एकेक कण कुठं जाईन, सांगता येते का? नाही येत. पण सगळ्याइचा मिळून दाब किती, ते येते. तसंच एक घर जळन का, ते मले नाही सांगता येत. पण लाखातून कितीक जळतीन, ते येते. गणित तेच हाय, भट्टी बदलली!”

हशा पिकला. जानराव मात्र गंभीरच. “मंग लोकाइले काय सांगू? शिकली एक, करते दुसरंच?”

“बाबा, बापाचं काम तेच पोराचं, ज्यानं त्यानं आपल्या चौकटीतच मरावं, हे तं आपन कवाचं टाकून देल्लं ना? मंग डिग्रीची चौकट कावून बांधून राहिले? बाबासाहेब अर्थशास्त्र शिकले, कायदाबी शिकले. पहिलं वाया गेलं, असं म्हनलं का कोनी?”

आणि काय सांगू! जानराव उठले, तडक मंचावर गेले, यादी हातात घेतली आणि ‘वैज्ञानिक’ हा शब्द पेनानं खोडला. “माही पोरगी विमा कंपनीत जोखमीचा अंदाज काढते,” ते माइकवर म्हणाले. “फिजिक्स शिकली, म्हनून काढते. इतके साल मी खोटं सांगतलं. लाज मले वाटत होती, तिले नाही!”

टाळ्या! केवढ्या टाळ्या!

मंडळी, आपणही हेच करतो ना? पोरानं विशीत घेतलेल्या डिग्रीचा शिक्का त्याच्या कपाळावर मारतो आणि वाट बदलली की ‘वाया गेला’ म्हणून मोकळे होतो. अहो, शिकलेलं अंगात मुरतं, नव्या कामातही हात देतं. वाट बदलणाऱ्याची लाज धरू नये, आणि त्याचं काम लपवू तर मुळीच नये!

स्मृति नगरच्या घरी बाबांनी चपला काढल्या न काढल्या, तोच रोशनीनं फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

“आता आखीन काय विचारतं बाई?” आईनं, नूतननं, कपाळाला हात लावला. “दिवसभराचं पुरलं नाही का?”

“विचारून नाही राहिली आई, सांगून राहिली! मी फिजिक्स घेते म्हनजे घेतेच, आन त्याच्यासंग इकॉनॉमिक्सबी. इंजिनीअरिंगच्या कोचिंगले माहं नाव टाकू नका. पुढं मी कोन होईन, ते आज मले मालूम नाही. पण जे होईन, ते तुमी लोकाइले खरं सांगजा!”