अकराजणींचा डंख

मी डंख. चटणी कुटणारा, दोन लोखंडी मुसळांचा. सरकारी कागदावर माझं नाव मिरची कांडप यंत्र आहे, पण कागल तालुक्यातल्या आमच्या गावात त्या नावानं मला कुणी ओळखत नाही.

बचत गटातल्या अकरा बायकांना मी योजनेतून मिळालो. अट एकच, मला ठेवायला जागेचा कागद हवा. अकराजणींत एकीच्याही नावावर हातभर जागा नव्हती. घरं नवऱ्याची, सासऱ्याची, दिराची. शेवटी गावातल्या बाळासोंनी आपला रिकामा गोठा दिला, संमतीपत्रावर सही केली. बायकांना एवढं बरं वाटलं, की पेंटर बोलावून माझ्या पत्र्यावर त्यांनी तांबड्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘सौजन्य : बाळासो’. बाळासोंनी तसं मागितलंही नव्हतं. आमच्याकडं उपकार असेच फेडतात.

एक उन्हाळा सुखाचा गेला. भाजलेली मिरची, खोबरं, लसूण घेऊन बायका बसायच्या. शिंकायच्या, डोळे पुसायच्या आणि पुन्हा हसायच्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात गोठ्याला कुलूप लागलं. मला बाळासोंची सून चालवू लागली. गटाची अध्यक्ष बनाबाई आली, की बाळासो दारात आडवे उभे राहायचे.

तपासणीला साहेब आले, तेव्हा बाळासोंनी माझ्यावरचं नाव दाखवलं. “वाचा की साहेब, कुणाचं हाय ते.”

बनाबाई म्हणाली, “नाव हाय म्हणून मालक झालासा व्हय? यष्टीच्या थांब्यावरबी तुमचंच नाव हाय. त्योबी उचलून घरात न्या.”

“बनाक्का, जागेचा कागद माघारी घेतो. फिरा मग डंख डोस्क्यावर घिऊन.”

आणि त्यांनी तो घेतलाच. साहेबांनी नियम सांगितला, आठ दिवसांत गटानं दुसरी जागा दाखवावी, नाहीतर यंत्र दुसऱ्या गटाला जाईल.

पुढचं मी बायकांच्या बोलण्यातून ऐकलं. बनाबाईनं दिराकडं घराचा पुढचा सोपा मागितला. तो म्हणाला, आज डंखाला जागा मागतीस, उद्या हिस्सा मागशील. बाकीच्या दहा घरांत शब्द वेगळे होते, उत्तर तेच.

नवव्या दिवशी टेंपो आला. साहेबांनी छापील कागद पुढं केला. ‘गट यंत्र चालवण्यास इच्छुक नाही.’ खाली सही करायची.

“इच्छा हुती,” बनाबाई म्हणाली. “जागा न्हवती. तसं लिवा.”

“तसा रकाना नाही, बाई.”

तिनं पेन घेतलं. छापील ओळीवर काट मारली आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत खाली स्वतःच लिहिलं. तिला फार वेळ लागला. बाळासो हसत होते. मग एकेक करून दहाजणींनी त्याच ओळीखाली सह्या केल्या. साहेबांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

आता मी टेंपोत दोरीनं बांधलेला आहे. योजना आखणाऱ्या शहाण्या माणसांनो, तुम्ही मला चांगल्या मनानं दिलंत, हे मी जाणतो. तेवढा तो कागद वाचा.

आणि गारगोटीच्या गटातल्या बायकांनो, मी आता तुमच्याकडं येतोय. नारळ नंतर फोडा. आधी सांगा, जागा कुणाच्या नावावर आहे?