गुलचमनची चाळीस खरबुजं

गुहागरचा कैलास बहारीनला एका अमेरिकन बाईंकडे ड्रायव्हर होता. बाईंचे वडील, निवृत्त शाळामास्तर, लेकीकडे राहायला आले आणि तिसऱ्याच दिवशी अदलिया भागातून जाताना गाडीत ओरडले, "थांब, थांब!"

समोर एक लहानशी बेकरी होती. पाटीवर नाव होतं 'गुलचमन'.

"हे उझबेकिस्तानातलं गाव," मास्तर म्हणाले. "आमच्या गावाची बहीण!"

गावाला बहीण असते, हे कैलासला नवीनच होतं. मास्तरांनी समजावलं. नव्वद साली, सोव्हिएत युनियन होतं तेव्हा, त्यांच्या अमेरिकेतल्या ब्रायर्स मिल गावाने आणि गुलचमनने रीतसर करार करून बहिणीचं नातं जोडलं होतं. दोन्हीकडच्या साध्या माणसांची ओळख व्हावी, वैर मिटावं म्हणून. मास्तर त्या समितीचे चिटणीस. पण गेली तीसेक वर्षं तिकडून चकार शब्द नाही. म्हणून येत्या गुरुवारी गावची कौन्सिल ते नातं रद्द करणार होती.

बेकरीची मालकीण नसीबा मूळची गुलचमनचीच, पन्नाशीला टेकलेली. तिचं इंग्रजी जेमतेम, मास्तरांचं रशियन शून्य. पण कैलासला बघताच ती हिंदीत बोलायला लागली. तिच्या लहानपणी गावच्या थिएटरात हिंदी सिनेमे लागायचे, ती तिथे शिकली होती. झालं! अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांची बोलणी कैलासच्या गळ्यात पडली.

सगळं ऐकून नसीबाने पिठाचे हात कमरेवर ठेवले. "चालीस खरबूजे! मेरे अब्बा ने एक-एक चुनकर भेजे थे. किसी ने थँक्यू तक नहीं बोला!"

कैलासने ते इंग्रजीत सांगितलं. मास्तरांचा चेहरा पडला.

"अरे, ती कस्टममध्ये दीड महिना अडकली होती. पोचली तेव्हा पार सडलेली. तरी आम्ही आभाराचं पत्र पाठवलं. तेही परत आलं. पत्ता बरोबर होता रे, पण तोवर देशच उरला नव्हता."

"क्या बोले?" नसीबाने विचारलं.

कैलासने तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्याने खरं बोलवेना.

"बोले, बहुत मीठे थे. पूरे गाँव ने खाए."

नसीबा मटकन स्टुलावर बसली. डोळे पुसले. "बीज बोए?"

"इंशाल्ला," कैलास म्हणाला.

"मी एवढं बोललो आणि तू इतक्यात आटपलंस?" मास्तरांना शंका आली.

"सर, हिंदीत थोडक्यात होतं."

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे ब्रायर्स मिलच्या सकाळी, मास्तरांनी बेकरीच्या काउंटरवर लॅपटॉप उघडून कौन्सिलची बैठक लावली. पडद्यावर सात कौन्सिलर. नसीबा नवा रुमाल बांधून बसली होती. तेवढ्यात एक वयस्कर बाई खिदळत म्हणाल्या, "गुलचमन? ती रॉटन खरबुजांवाली? आठवडाभर टाउन हॉलमध्ये बसवत नव्हतं!"

कैलासने उगाच लॅपटॉपची वायर नीट केली.

"रॉटन," नसीबा त्याच्याकडे वळली. "मतलब सड़ा हुआ. मैं रोज़ मंडी जाती हूँ, कैलास."

"सॉरी, बहेनजी. आपका चेहरा देखा, तो..." मास्तर इकडून तिकडे बघत होते.

मग नसीबाला हसू फुटलं, इतकं की डोक्यावरचा रुमाल सुटला.

"अब्बा मरते दम तक पूछते रहे, मीठे थे क्या? मैंने खुद झूठी चिट्ठी लिखी थी, अमेरिका के नाम से. लिखा था, पूरे गाँव ने खाए."

कैलासने या वेळी शब्दन् शब्द सांगितला. पडद्यावरच्या त्या खिदळणाऱ्या बाईंनी चष्मा काढला.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "गुलचमनला हे नातं ठेवायचं आहे का?"

नसीबाने कैलासला हाताने थांबवलं आणि स्वतःच इंग्रजीत म्हणाली, "यस. बट नाऊ, यू सेंड फर्स्ट."

चार विरुद्ध तीन मतांनी नातं टिकलं. चौथं मत त्या बाईंचं होतं. कामकाजाच्या नोंदीत कैलासचं नाव 'गुलचमनचे प्रतिनिधी' म्हणून चढलं. ते चुकीचं आहे, असं तो तीनदा सांगायला गेला, पण तिकडे पुढचा विषय सुरू झाला होता.

लॅपटॉप मिटल्यावर नसीबाने भट्टीतली गरम रोटी दोघांपुढे ठेवली. मास्तरांनी एक घास घेतला, जरा वेळ चावला आणि कैलासच्या कानाशी लागून म्हणाले, "मीठ फार झालंय."

"क्या बोले?" नसीबाने विचारलं.

कैलासने रोटीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.