नाकातला फेस

मित्रांनो, मी एक जुनी मांजर आहे. जुनी म्हणजे एका कानाचा तुकडा गेलेली, पट्टे फिके पडलेली. एक आधीच सांगून ठेवते, मी कुणावरही विश्वास ठेवत नाही. तुमच्यावरही नाही. गोष्ट ऐकायला बसला आहात तर बसा, पण जरा लांब बसा.

माझा जन्म एका बंद दुकानाच्या फळीखाली झाला. आई मोठी सावध होती. जो फार गोड बोलतो त्याच्यापासून दूर राहायचं, एवढं शिकवून ती गेली. पुढे मी भटकत भटकत एका लाँड्रीत येऊन पडले. तिथे मागच्या खोलीत पाणी तापवायची मोठी टाकी होती आणि टाकीमागे कायम ऊब असायची. लाँड्री दोघी जावा चालवत. थोरली डाग काढायची आणि इस्त्री करायची, धाकटी कपडे धुऊन गच्चीवर वाळत घालायची. धाकटी मला उरलंसुरलं खायला द्यायची. थोरली मात्र मला बघितलं की केरसुणी उचलायची, कारण पांढऱ्या चादरींना माझे केस चिकटत. उंदीर मी मारायचे आणि कौतुक सापळ्याचं व्हायचं. ते असो.

त्या टाकीमागे मला तीन पिल्लं झाली. एक अगदीच अंगठ्याएवढं होतं. चाटून चाटूनही ते ऊब धरेना, आणि गेलं. दुसरी करडी, चांगली दांडगी. तिसरा पांढरा, आणि त्याचं काहीतरी बिनसलेलं होतं. तो जोर लावून चोखायचा आणि त्याच्या नाकातून पांढरा फेस यायचा. शिंकायचा, दमायचा, पुन्हा चोखायचा. करडी फुगत चालली आणि हा वाळत चालला. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तो फेस धाकटीने पाहिला. आता लाँड्रीत फेस म्हणजे दुसरं काय असणार? साबण. आणि साबण, सोडा, डागांच्या औषधाच्या बाटल्या, सगळं थोरलीच्या ताब्यात. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली.

"जाऊबाई," ती म्हणाली. एरवी ती थोरलीला ताई म्हणायची. "टाकीमागे काही शिंपडलंत का तुम्ही?"

"मी कशाला शिंपडू?"

"केस चिकटतात ना चादरींना. एक पिल्लू तर गेलंच."

थोरलीने इस्त्री उभी करून ठेवली. "इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात राबलो आपण, आणि तू मला हे विचारतेस?" एवढंच बोलली आणि पुन्हा शर्टाची कॉलर दाबायला लागली.

खरं सांगते, माझाही संशय तिच्यावरच होता. केरसुणीवाल्या बाईवर नाही घ्यायचा तर कुणावर घ्यायचा? दोघी जावांचं बोलणं बंद झालं. बादल्या तेवढ्या आपटत. धाकटी येता-जाता थोरलीच्या बाटल्यांची बुचं हुंगायची. थोरलीची पाठ वळली की मीही हुंगायचे.

त्यातच धाकटीला कुठूनसं आठवलं की विषावर दूध हा उतारा असतो. थोरली गिऱ्हाइकाशी बोलत असताना ती टाकीमागे आली, पांढऱ्याला तळहातावर उताणं धरलं आणि ड्रॉपरने त्याच्या तोंडात दूध सोडलं. तिचे डोळे भरून आले होते. मी तिला ओरबाडलं नाही, कारण ती आमच्या बाजूची होती. त्यानंतर पिल्लाच्या छातीत घरघर सुरू झाली.

लाँड्रीत जनावरांच्या डॉक्टरांचे कोट इस्त्रीला यायचे. डॉक्टर कोट न्यायला आले, तशी थोरली तरातरा टाकीमागे आली आणि पिल्लू उचलून चालू लागली. झालं, आता ही बादलीत बुडवणार, असं समजून मी तिच्या पोटरीवर नखं ओढली. तिने पाय झाडलासुद्धा नाही. धाकटीही हातातली चादर टाकून मागोमाग धावली.

थोरलीने पिल्लू इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, याच्या नाकातून साबण येतोय का, एवढं बघून सांगा. माझी झोप उडालीय."

डॉक्टरांनी करंगळीने पिल्लाचं तोंड उघडलं आणि दोघींना जवळ बोलावलं. "साबण कसला? दूध आहे ते. याच्या टाळूला फट आहे, ही बघा. पोटात जायचं ते नाकात जातं."

"असं कशानं होतं?" धाकटीने विचारलं.

"आईच्या पोटात असतानाच होतं. कधी आईबापांकडून येतं, कधी आईची उपासमार, कधी पोटुशी असताना भलतंच औषध पोटात जातं. नेमकं सांगता येत नाही. रस्त्यावरची पिल्लं थंडीने जातात, भुकेने, सर्दीने जातात, पिसवांनी रक्त प्यायल्याने जातात. लोकांना मात्र आधी विषच आठवतं."

नळीने थेट पोटात दूध घालून अशी पिल्लं कधी कधी वाढवता येतात, असंही ते म्हणाले. धाकटीचा चेहरा उजळला. मग त्यांनी पिल्लाची छाती तपासली.

"फुप्फुसात दूध उतरलंय. कुणी उताणं धरून पाजलं का याला?"

धाकटीचा हात एप्रनच्या खिशावर गेला. ड्रॉपर तिथेच होता. थोरलीने तो हात पाहिला.

"मी पाजलं," थोरली म्हणाली.

पांढरा त्याच संध्याकाळी गेला, तिने इस्त्री फिरवून ऊन केलेल्या टॉवेलात. धाकटी नुसतं "ताई" म्हणाली आणि तिला रडू आवरेना. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रड, रड. मग गच्चीवर जाऊन ये, चादरी वाळल्या असतील."

माझा स्वभाव काही बदलला नाही. थोरली जवळ आली की अजूनही माझी शेपटी फुगते. पण त्या दिवशी मी तिच्या पोटरीवर काढलेले ओरखडे दिसले की मला बघवत नाही.

मित्रांनो, तुमच्या जिन्याखाली एखादं पिल्लू मलूल पडलेलं दिसलं तर आधी त्याला ऊब द्या. उताणं धरून काही पाजू नका. त्याचं तोंड उघडून बघा, डॉक्टरांना दाखवा. कुणाचं चुकलं ते शोधायला तुमच्याकडे पुष्कळ दिवस असतात. पिल्लाकडे नसतात.