अचूकरावांचा आकडा

कंपनी भिंतीवरची घड्याळं करायची, आणि तीही साधीसुधी नाहीत, आपली वेळ आपणच सुधारणारी. दर तासाला घड्याळ इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं, "किती वाजले हो?" सर्व्हर सांगायचा आणि काटे मुकाट्याने जागेवर यायचे. ही करामत ज्यांनी बसवली त्यांना सगळं ऑफिस अचूकराव म्हणायचं. चौदा वर्षांत या माणसाची एक चूक कुणी दाखवली असेल तर शपथ! दाखवणार कशी? होती नव्हती ती त्यांनी चार हजार घड्याळांच्या पोटात घालून वरून स्क्रू आवळले होते.

चूक अशी की सर्व्हरला एक नाव असतं आणि एक आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नुसत्या आकड्यांचा पत्ता. घड्याळात घालायचं असतं नाव. पण त्या दिवशी नाव नोंदवायच्या अर्जावर सही करायला मालक जागेवर नव्हते आणि अचूकरावांना घरी जायची घाई. दिला आकडा ठोकून. "उद्या बदलू," म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही.

निवृत्तीला तीन महिने उरले आणि मालकांनी होस्टिंग कंपनी, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी, बदलायचं काढलं. कारण काय, तर तिथल्या लोकांनी फोनवर त्यांना चाळीस मिनिटं एकच गाणं ऐकवलं होतं.

"बदलू की," अचूकराव म्हणाले, "पण आकडा तोच ठेवू या. जुना आहे, लोकांचा विश्वास बसलाय त्याच्यावर."

"कुठल्या लोकांचा?"

"एकंदरीत."

"मग एकंदरीत लोकांना नवा आकडा कळवा," मालक म्हणाले आणि विषय संपला.

अचूकरावांनी जुन्या कंपनीला फोन लावला, ते गाणं दोनदा पूर्ण ऐकलं, आणि शेवटी एक आवाज म्हणाला, "आकडा आमचा आहे साहेब, तुम्ही फक्त वापरत होतात. तुम्ही गेलात की दुसऱ्या कुणाला देऊ."

नव्या कंपनीत त्यांची सख्खी भाची कामाला होती. हे काम तिच्याचकडे आलेलं. जुना आकडा तिकडे नेता येईल का, असं त्यांनी विचारताच ती हसायलाच लागली.

"मामा, भाड्याचं घर सोडताना दारावरचा नंबर कुणी उपटून नेतं का? नाव आपलं असतं, ते नव्या पत्त्याकडे वळवायचं. आकड्यावर कधी विसंबू नकोस, हे तुम्हीच तर शिकवलंत मला. घड्याळात नावच घातलंय ना?"

एवढं एक "नाही" म्हणायचं होतं हो! पण ज्या पोरीला बोट धरून हा धंदा शिकवला, तिच्यासमोर कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"म्हणजे काय!" मामा म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सर्व्हर हलला; घड्याळं जुन्याच आकड्याला वेळ विचारत राहिली आणि उत्तर काही येईना. घड्याळं बंद पडली असती तर बोंबाबोंब तरी झाली असती. ती चालूच राहिली, इथेच सगळी गोम. सुधारायला सर्व्हर आहे म्हणून मालकांनी आतलं यंत्र हलक्यातलं हलकं घातलं होतं. आता कुठलं रोज पंधरा सेकंद पुढे पळे, कुठलं वीस सेकंद मागे राही. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या, तेव्हा तक्रार खात्याने छापील उत्तर पाठवलं: "आमचं घड्याळ चुकत नाही. कृपया आपली वेळ तपासा." ऑफिसात तर मोबाइलवर वेळ पाहायला सक्त मनाई, घड्याळवाल्यांनीच तसं केलं तर जग काय म्हणेल! प्रत्येक खातं आपापल्या भिंतीला मान देऊन शेजारच्या खात्याला आळशी ठरवू लागलं. खरी वेळ एकट्या अचूकरावांच्या खिशात होती, आणि ते दिवस मोजत होते. एवढे तीन महिने निभावले की सुटलो.

निरोपसमारंभ चारला होता. अचूकराव नवा शर्ट घालून, भाचीला घेऊन, बरोब्बर चारला हॉलमध्ये शिरले. हॉल रिकामा. झाडणारी बाई केकचे कागद गोळा करत होती.

"उशीर केलात की हो," ती म्हणाली. "मालक आले, पार्सल खातं आलं. वाट वाट पाहिली, मग मालकांनी खुर्चीलाच भाषण केलं. केक खाऊन गेले सगळे."

खुर्चीवर भेट ठेवली होती. कंपनीचंच घड्याळ, खाली कोरलेलं: चौदा वर्षं, एकही चूक नाही.

अचूकरावांना रडूच फुटलं. "आकडाच घातलाय गं मी," ते म्हणाले. "सगळ्यांत."

त्यांचं रडं थांबवता थांबवता भाचीची वीस मिनिटं गेली. "तेव्हाच बोलायचं ना, मामा. ही घड्याळं जुन्या आकड्याचंच ऐकतात. तो आपल्याकडे होता तोवर त्याच्याकडूनच सगळ्यांना नाव कळवलं असतं. एका दुपारचं काम होतं. आता तो आकडा गेला दुसऱ्याकडे. एकेक घड्याळ हाताने उघडायला लागेल."

तेवढ्यात हिशेब खातं हजर झालं. अचूकरावांच्या मोबाइलवर चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. डोळे पुसून ते खुर्चीसमोर उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: आकडा, घाई, खोटं, चार हजार घड्याळं. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं.

हिशेबखात्याचे साहेब प्रेमाने हसले. "काहीतरीच काय! आमच्या घड्याळात आत्ता कुठे चारला पाच कमी आहेत. तुम्हीच लवकर आलात. आज जायचा दिवस, मन हळवं होतंच." मग त्यांनी खुर्चीवरचं घड्याळ उचलून मोठ्याने वाचलं, "चौदा वर्षं, एकही चूक नाही!" आणि हिशेब खात्याने कडकडून टाळ्या वाजवल्या.

अचूकरावांनी घड्याळ हातात घेतलं, खुर्चीत बसून ते उलटं करून मांडीवर ठेवलं आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"त्या सर्व्हरचं नाव सांग गं," ते भाचीला म्हणाले. "सावकाश सांग, एकेक अक्षर."

टाळ्या अजून चालूच होत्या.