दांडीचा झोळ

नुसत्या चार बोटांपायी ताईंवर तोंड लपवायची वेळ आली.

ताई मैदानावर मुलींना उंच उडी शिकवायच्या. जीभ तिखट, पण मुलींवर माया मोठी. "भीती पायात नसते गं, डोक्यात असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या पाठ फिरवून गेल्या की मुली त्याची हुबेहूब नक्कल करायच्या. त्यातल्याच एकीला सगळ्या नाकतोडी म्हणत. नुसते पाय, आणि वर उरलेली थोडीशी मुलगी! अंगात उडी होती, काळीज मात्र सशाचं. दांडी पडली की "मला नाहीच जमणार" हे पालुपद सुरू, आणि मग सगळा दिवस फुकट.

सरावाची दांडी जुनी होती, मधोमध तिला झोळ आला होता. उंची मोजायची ती मधोमध, दांडी जिथे सगळ्यात खाली असते तिथे, हे ताईंनीच मुलींना शिकवलेलं. पण एकदा घाईत त्यांनी खांबापाशी टेप लावली आणि जाहीर केलं, "दीड मीटर!" नाकतोडी धावली आणि पार झाली. मॅटवरून उठली तेव्हा तिचं तोंड असं फुललं होतं की ताई बघतच राहिल्या. झोळ त्यांच्या लक्षात आला तो नंतर. मधे दांडी चांगली चार बोटं खाली होती. सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पोरगी खुलतेय, खुलू दे की! झाकली मूठ सव्वा लाखाची. मग रोज टेप खांबापाशीच लागू लागली.

आणि उपाय लागू पडला, हीच तर पंचाईत. नाकतोडी मान वर करून चालायला लागली, घरात भावाला उलट उत्तरं द्यायला लागली. ताईंना स्वतःचंच कौतुक वाटे.

स्पर्धेच्या दिवशी, एवढ्या उमेदीत चार बोटं सहज निघतील असं धरून, त्यांनी तिला शहाणपण शिकवलं. "खालच्या उंच्या सोडून दे. दम राखून ठेव. एकदम दीडलाच सुरुवात कर." तसं करता येतं, पण पहिल्याच उंचीला तीनदा पडलं की नावावर काहीच उरत नाही. तिथली दांडी होती नवी कोरी, सरळ. नाकतोडी पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तर दांडी अंगावर घेऊनच पडली. तिच्याहून कितीतरी कमी उडणाऱ्या मुलींचे आकडे फळ्यावर लागले. हिच्या नावापुढे एक आडवी रेघ.

कारखान्यातून रजा काढून आलेली तिची आई सगळं बघत होती. दोघी ताईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, माझंच चुकलं," नाकतोडी म्हणाली. "भीती डोक्यात शिरली असणार. तुम्ही एवढं शिकवलंत, मी माती केली."

"मनाला लावून घेऊ नका हो," आई हात जोडून म्हणाली. "आमचीच कच्ची."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एरवी कात्रीसारखी चालणारी जीभ टाळ्याला चिकटली. "असू दे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या दोन शब्दांची लाज त्यांना झाकल्या मुठीच्या लाजेहून जास्त वाटली. घरी आरशात बघवेना.

पुढे काही दिवस नाकतोडी फिरकली नाही. आली ती ताईंनी दिलेले खिळ्यांचे बूट परत करायला.

"मी नाही येणार आता. डोक्यातली भीती जात नाही माझ्या."

नसलेली भीती पोरगी जन्मभर वाहणार होती. ताईंनी सांगून टाकलं. झोळ सांगितला, खांबापाशी लावलेली टेप सांगितली, आणि सगळं माहीत असून आपण गप्प बसलो, तेही सांगितलं. सांगताना नजर बुटांवरून वर उचलली नाही.



"म्हणजे मी घाबरले नव्हते?"

"नाही गं."

"आई मला कच्ची म्हणाली. तुम्ही तिथंच उभ्या होतात."

नाकतोडीनं त्यांच्या पिशवीतून टेप काढली. "टोक धरा."

ताईंनी वाकून टेपचं टोक जमिनीला टेकवलं. तिनं दांडीच्या मधोमध मोजलं आणि आकडा स्वतःच मोठ्यानं वाचला. दीडपेक्षा कमी होता. मग खाली बसून तिनं बूट चढवले.

"आईला तुम्ही सांगायचं. आजच, घरी येऊन."

"येते."

नाकतोडी धावली, उडाली. दांडी थरथरली, पण पडली नाही. मॅटवरून उठून तिनं ताईंकडे पाहिलंदेखील नाही. सरळ टेप उचलली आणि मधोमध पुन्हा एकदा मोजून घेतलं. टोक धरायला ताई खाली वाकल्या.