मामा हैदराबादला होता

रहस्यकथेतला खुनी ओळखण्यात ईश्वरप्पांचा हात धरणारं नांदेडात कुणी नव्हतं. पुस्तक अर्धं होण्याआधीच ते नाव सांगून मोकळे व्हायचे आणि घरातल्या बाकीच्यांच्या मजेवर विरजण पडायचं. त्यामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डॉक्टरांनी त्यांना वाचायला बंदी केली, तेव्हा दामिनीला मनातून थोडी गंमतच वाटली होती. ती शिकवत असलेल्या कॉलेजला सुट्टी लागली होती. रोज दुपारी कूलरसमोर बसून ती वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि कुठं थांबायचं हे आता तिच्या हातात होतं.

पुस्तक तिनंच स्टेशनजवळच्या दुकानातून आणलं होतं. एका गडगंज व्यापाऱ्याच्या घरी ऐन मे महिन्यात लग्न निघतं आणि हळदीच्या दिवशी नवरीची चुलतबहीण मालन मागच्या विहिरीत सापडते. पाय घसरला म्हणून घरचे सांगतात. आपली आत्या शिवगंगा अशीच लातूरच्या एका बड्या लग्नात विहिरीत गेली होती, हे दामिनीला ऐकून माहीत होतं. पण ती गोष्ट तिच्या जन्माआधीची आणि घरात कुणी काढत नसे. पुस्तक घेताना ती तिच्या ध्यानातही आली नाही. ध्यानात आली तेव्हा तीन प्रकरणं वाचून झाली होती आणि अप्पा थांबू देईनात.

एका दुपारी मालनची सोन्याची साखळी देवघरातल्या खुंटीवर सापडली. एरवी अप्पांनी इथंच खुनी सांगितला असता. पण ते काळा चष्मा लावून नुसते दाराकडं तोंड करून बसले होते.

"कोण आलंय?" दामिनीनं विचारलं.

"कुणी न्हाई. वाच तू."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी दारात खुर्ची टाकून बसली, तर म्हणाले, "जरा सरकून बस माय. ती कवाची उभी हाय."

"कोण, अप्पा?"

बाहेर ऊन मी म्हणत होतं, दारात कुणीच नव्हतं. तिनं खुर्ची सरकवली. म्हातारपण, औषधं, उन्हाळा, अशी कारणं तिनं स्वतःला सांगून पाहिली, पण एकही पटेना.

त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शेवट वाचून काढला. मालनला कुणीच मारलं नव्हतं. जमलेल्या वडीलधाऱ्यांनी त्याच मांडवात, तिला न विचारता, एका बिजवराशी तिची सुपारी फोडली होती. तिनं साखळी काढून देवघरातल्या खुंटीला अडकवली आणि विहिरीची वाट धरली.

दामिनी तशीच देवघराशी गेली. तिथं समईमागं एक चांदीची डबी होती. त्यात आत्याचं इष्टलिंग होतं, लिंगायत माणूस जन्मभर गळ्यात बांधतो ते. "त्याला हात लावायचा न्हाई," एवढंच लहानपणापासून सांगितलेलं. आणि तीस वर्षं लिंगपूजा करणाऱ्या दामिनीसारख्या शहाण्या बाईला एक साधा प्रश्न कधी पडला नव्हता. लिंग जिवंतपणी गळ्यातून उतरत नाही, आणि मेल्यावर माणसाला समाधीत बसवून ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. ते माणसाबरोबरच मातीत जातं. मग आत्याचं लिंग घरात कसं?

मालनच्या साखळीसारखं तेही आत्यानं स्वतःच उतरवून ठेवलं होतं.

अप्पांना हा शेवट ऐकवायचा नाही, हे तिनं ठरवलं. नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यात रक्तदाब. शिवाय दारात कुणीतरी उभं. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडं धरून तिनं मनानंच रचून सांगितलं. नवरदेवाच्या मामाचा दागिन्यांवर डोळा होता, मालननं त्याला पाहिलं, त्यानं तिला ढकललं आणि साखळी देवघरात नेऊन टांगली. शेवटी पोलिसांनी त्याला बेड्या घातल्या. दामिनीनं पुस्तक मिटलं. एवढं सफाईदार खोटं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

अप्पांनी चष्मा सारखा केला.

"छान वाचलंस," ते म्हणाले. "पण मामा त्या दिवशी हैदराबादला होता. तूच वाचलं होतंस. दागिने आणाया गेला होता."

दामिनीनं मिटलेल्या पुस्तकाकडं पाहिलं.

"आता जसं हाय तसं वाच."

तिनं वाचलं. मध्येच लाइट गेली, कूलर बंद पडला, तरी ती थांबली नाही. सुपारीपाशी ती अडखळली. अप्पांनी हातानंच पुढं वाचायची खूण केली.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "ती डबी आण."

तिनं आणून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत घट्ट धरली.

"हे मलाच घावलं हुतं. लातूरला, त्या घरच्या देवघरात, दुरडीत फुलाखाली. मी आईला दावलं. आई म्हणली, पाय घसरला म्हणून सांगितलंय, आता हे बाहेर काढलं तर काय सांगायचं? गप बस. मी गप बसलो. लातूरलाच समाधी दिली, तवा मठाच्या स्वामींनी नवं लिंग आणून तिच्या हातावर ठिवलं. तिचं न्हवंच ते." त्यांनी अंगठ्यानं डबी पुसली. "तवापासून पुस्तकांत खुनी हुडकून राहिलो बघ. समद्यांचे घावतात. हिची सुपारी तर घरच्या समद्यांनी मिळून फोडली हुती; तरी हिचाबी खुनी कुणीतरी एक असावा, लई वाटायचं."

दामिनी त्यांच्याजवळ सरकली. "आत्यानं कधी काही मागितलं का हो?"

"बोलत न्हाई ती. उन्हाळा लागला की येती, दारात उभी ऱ्हाती. डावा हात पुढं करून."

दामिनीनं दाराकडं पाहिलं. रिकामा उंबरा, पलीकडं पांढरं ऊन.

"उद्या लातूरला जाऊ आपण," ती म्हणाली. "समाधीपाशी. मी नेते तुम्हाला, डॉक्टर काही म्हणोत."

अप्पांनी मान हलवली. मग ते दाराकडं वळले आणि धाकट्या बहिणीशी बोलावं तसं हळू म्हणाले,

"ऐकलंस न्हवं, शिवगंगे? तुझं तुला उद्या आणून देतो. आता हात खाली घे बाई, दुखत असंल."