डोळा मिचकावणारे दानियलभाऊ

मुलांनो, थंडीच्या दिवसांत आपल्या चर्चच्या पूर्वेकडच्या खिडकीतून ऊन आत येतं, तेव्हा ते आधी बाकांच्या पाठींवर पडतं आणि मग सावकाश माणसांच्या हातांवर उतरतं. उपासनेत हातांची घडी घालून बसायची आपल्या मंडळीची शिस्त आहे, त्यामुळे बाकीच्या हातांवर ते निवांत स्थिरावत असे. दानियलभाऊंच्या हातांवर मात्र त्याला बसायला जागा मिळत नसे. तेलाची काळी रेघ कायमची मुरलेली ती बोटं कधी अर्धवट उचलली जात, कधी एकमेकांना शिवून दूर होत, कधी हवेत लहानसं वर्तुळ काढून मांडीवर परत येत, आणि उन्हाचा तो तुकडा एखाद्या खोडकर मांजरासारखा त्यांच्या मागे मागे फिरत राही.

तुम्ही त्यांना ओळखता ते व्हिडिओ कॉलवर एक डोळा मिचकावून पडद्याबाहेर निघून जाणारे दानियल आजोबा म्हणून. माझ्यासाठी ते दानियलभाऊ, माझी धाकटी नणंद मार्था हिचे यजमान. लग्न झालं तेव्हा दोघांचीही साठी जवळ आली होती. मार्थाला वैधव्य तरुणपणीच आलं. दिवसभर दवाखान्यातली नर्सची नोकरी, घरी आल्यावर एकाच माणसाचा स्वयंपाक, असं तिचं आयुष्य नीट घडी घालून कपाटात ठेवलेल्या चादरीसारखं होतं. स्वच्छ, आणि न वापरलेलं. दानियलभाऊ मूळचे खारबावचे, भिवंडीजवळच्या शेलारच्या एका कापड कारखान्यात जॉबर. म्हणजे बिघडलेला लूम, आपला यंत्रमाग, दुरुस्त करून पुन्हा चालता करणारा माणूस. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. रक्तदाब तपासून घ्यायला ते मार्थाच्या दवाखान्यात येत, आणि मार्था सांगते, की तो कधीच बिघडलेला नव्हता.

त्यांच्याजवळ दोन आवाज होते. एक आवाज कारखान्याच्या मापाने घडलेला, शेकडो धोट्यांच्या खटखटाटावरून उडी मारून पलीकडे जाणारा. तो घरात आला की कपाटातली भांडी किणकिणत. दुसरा आवाज म्हणजे पूर्ण मौन. मधला स्वर त्यांना ठाऊकच नव्हता, कारण लूमच्या त्या अखंड गजरात त्यांचे कान केव्हाच अर्धे विझले होते. आपला आवाज चार भिंतींत मावत नाही हे त्यांना कळे, म्हणून चर्चमध्ये ते दुसरा आवाज निवडत, आणि सांगायचं ते डोळ्यांनी, पायांनी, बोटांनी सांगत. घोटाळा झाला तो इथेच.

आमच्या घरात माणसं पारखण्याचं काम एस्तेर आक्कांकडे होतं. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, निवृत्त शिक्षिका, शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, मुलांना पवित्र शास्त्र शिकवणाऱ्या. त्यांचा आवडता विषय दुष्टता. प्रेम, क्षमा आणि आशा हे विषय त्या पाळकसाहेबांवर सोपवत. शलमोन राजाच्या शिकवणीत दुर्जनाचं एक वर्णन आहे: तो वाकडं बोलतो, डोळ्यांनी इशारे करतो, पायांनी खुणावतो, बोटांनी दाखवतो. हे वर्णन त्या मुलांना उभं राहून करून दाखवत, आणि मुलं खिडकीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक माणसात तो दुर्जन शोधत.

आपल्या मंडळीत लग्नाआधी सलग तीन रविवार उपासनेत घोषणा होते. पाळकसाहेब वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, की या विवाहाला कुणाची हरकत असेल तर सांगावी. सहसा कुणी काही सांगत नाही. एखादं लहान मूल तेवढं रडतं. मार्था आणि दानियल ही नावं पहिल्यांदा वाचली गेली त्या सकाळी आक्का दानियलभाऊंच्या बरोब्बर मागच्या बाकावर बसल्या होत्या. नावं वाचून झाली. दानियलभाऊंनी पलीकडच्या बाकांकडे मान वळवली, मार्थाकडे बघून डावा डोळा मिटला, पाय जमिनीवर हलकेच पुढे सरकवला, आणि दोन बोटं वर केली.

दुपारी आम्ही दोघी बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होतो.

"सुशीला, तू पाहिलंस ना?" आक्का म्हणाल्या.

"काय, आक्का?"

"डोळा, मग पाय, मग बोटं. एकही सोडलं नाही मेल्याने. शास्त्र पाठ करून आल्यासारखा."

"शास्त्र पाठ असतं तर लपवलं नसतं का त्यांनी?"

"दुर्जनाला लपवता येत नाही, म्हणून तर लिहून ठेवलंय. तिसऱ्या रविवारी मी उभी राहणार."

माझ्या हातातला वाल तसाच राहिला. आक्का उभ्या राहिल्या म्हणजे पाळकसाहेबांना लग्न थांबवावं लागणार, चौकशी लावावी लागणार, आणि मार्थाला मी चांगली ओळखत होते. ती भांडली नसती. माझ्यापायी चारचौघांत तमाशा नको, एवढंच म्हणून तिने ती चादर पुन्हा कपाटात ठेवली असती, आणि कपाट यावेळी कायमचं बंद झालं असतं.

दुसऱ्या रविवारी घोषणा झाली आणि दानियलभाऊंनी तसाच डोळा मिटला, पाय सरकवला, आणि एक बोट वर केलं. आक्कांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आता साक्षीदारच सापडला.

मला कुठल्याही गोष्टीचा क्रम लागलेला आवडतो. "आक्का," मी म्हटलं, "हरकत घ्यायची तर आधी चौकशी हवी. त्यांच्या कारखान्याच्या शेटकडे जाऊन विचारू."

"विचारू की. माझी तयारी आहे."

त्या आठवड्यात आम्ही रिक्षाने शेलारला गेलो. कारखान्याचं दार उघडलं आणि आवाज अंगावर भिंतीसारखा आला. आत छतातल्या पारदर्शक पत्र्यांतून दुपारचं ऊन खाली उतरत होतं आणि त्या उन्हात कापसाचे तंतू असे तरंगत होते, की आत एखादा वेगळाच, सौम्य ऋतू चालू असावा. लूमच्या रांगा, आणि रांगांमध्ये माणसं. एकाचेही ओठ हलत नव्हते. एकाने दोन बोटं दाखवली, दुसरा मान हलवून दोन तुटलेले धागे जोडायला वाकला. एकाचे दोन्ही हात धाग्यांत गुंतले होते, त्याने शेजाऱ्याला पाय लावून बोलावलं. पलीकडच्या टोकाला कुणी डोळा मिटला आणि अलीकडच्याने लूम सुरू केला. सगळा कारखाना आक्कांच्या त्या उताऱ्याप्रमाणे चालला होता.

आक्का शिक्षिका, त्यामुळे आवाजाला घाबरणाऱ्या नव्हत्या. "दानियल दारू पितो का?" त्या एका तरुण कामगाराच्या कानाशी ओरडल्या. त्याने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. मग आक्कांनी अंगठा तोंडाकडे नेला. त्याने लगबगीने पाण्याचा ग्लास आणून दिला. आक्कांनी पाणी पिऊन पुन्हा अंगठा तोंडाकडे नेला, आणि यावेळी प्रश्नाचा रोख कळावा म्हणून भुवई उडवली, एक डोळा बारीक केला, आणि पाय आपटला. तो पोरगा आनंदला आणि चहा सांगायला पळाला.

मी आक्कांच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "डोळा, मग पाय, आणि बोटाच्या जागी अंगठा चालेल का?" त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मुलांनो, तेवढं त्यांना नक्की ऐकू आलं होतं.

एवढ्यात एका लूमखालून दोन पाय बाहेर आले, त्यापाठोपाठ तेलाने माखलेले दानियलभाऊ. आम्हाला बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की छतावर आणखी एक पत्रा पारदर्शक झाल्यासारखं वाटलं. त्यांनी डोळा मिटला, हाताने काचेच्या केबिनकडे वाट दाखवली, आणि चहावाल्याकडे बघून दोन बोटं वर केली.

केबिनमध्ये आवाज निम्मा झाला. कारखान्याचे मालक मुनीरशेट भिवंडीतल्या जुन्या घराण्यातले, बोलायला मोकळे.

"दानियलची चौकशी? बसा बाई. त्याची चौकशी माझ्या भावाच्या नि माझ्या समोर एकदमच करा." त्यांनी काचेतून पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसाकडे बोट केलं. "वाटणीवरून आमचं वाजलेलं. सालभर बोलणं बंद. तो त्या टोकाला, मी ह्या टोकाला, मधे लूम. जे काय सांगायचं ते दानियलच्या मार्फत. मी हात करून दाखवायचो, त्याला सांग, तोंड काळं कर. हा तिकडं जाऊन दाखवायचा, भाई जेवायला बोलावतात."

"आणि?" आक्कांनी विचारलं.

"आणि काय, एक दिवस तो खरंच डबा घेऊन आला. बिर्याणी हाय डब्यात. आता काय परत धाडणार होतो?"

आक्का ताठ बसल्या होत्या. "म्हणजे दानियल खोटं बोलला."

"बोलला कुठं, बाई? ह्या आवाजात कोण कुणाला बोलतंय. नुसता हात हलवला त्याने."

आक्कांनी ओठ घट्ट मिटले. पण हसू पापण्यांच्या वाटेने बाहेर येतंच, आणि पावडर लावलेल्या त्या कडक चेहऱ्यावर ते मी आलेलं पाहिलं.

परतीच्या रिक्षात त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सुशीला, त्या उताऱ्याचा शेवट ठाऊक आहे ना तुला?"

"सांगा ना."

"त्याच्या मनात कपट असतं आणि तो भांडणं पेरत जातो. पुढे देवाला न आवडणाऱ्या गोष्टींची यादी आहे, तिचाही शेवट तोच. भावाभावांत वैर लावणारा." त्यांनी पदर नीट केला. "मी मुलांना डोळे, पाय, बोटं शिकवून सोडून देते. करून दाखवायला सोपं पडतं ते. आणि बहिणीबहिणींत पेरायला मीच निघाले होते."

तिसऱ्या रविवारी मात्र मला धाकधूक होतीच, कारण आक्का घरी काहीच बोलल्या नव्हत्या. पाळकसाहेबांनी नावं वाचली आणि विचारलं, कुणाची हरकत आहे का. आक्का उभ्या राहिल्या. चर्चमधला खोकला थांबला. मार्थाने गीतांचं पुस्तक दोन्ही हातांनी धरलं, आणि दानियलभाऊंना ऐकू काहीच आलं नाही, पण उभ्या राहिलेल्या आक्का दिसल्या, आणि त्यांचे ते हात, आयुष्यात पहिल्यांदा, मांडीवर निश्चल झाले.

"हरकत आहे," आक्का म्हणाल्या. "लग्न संध्याकाळी ठेवलंय. त्या संध्याकाळी शब्बाथ शाळेच्या मुलांचा नाताळचा कार्यक्रम आहे. लग्न सकाळी करावं."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मार्थाने दानियलभाऊंकडे वळून, सगळ्या मंडळीसमोर, खिडकीतल्या सूर्याकडे बोट केलं. त्यांना कळलं, आणि त्या क्षणी ते मौन विसरले. "सकाळी तर सकाळी, आक्का," ते कारखान्याच्या आवाजात म्हणाले. "माझी काय ना न्हाय. मी म्हनतो आजच का न्हाय." मागच्या बाकावरचं बाळ दचकून रडू लागलं, आणि सगळी मंडळी हसली. दोन बोटं आणि एक बोट म्हणजे किती रविवार उरले हे मार्थाला सांगणं होतं, हे आक्कांना तिनेच नंतर सांगितलं.

मुलांनो, जगात दुष्टता नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती आहे, आणि ओळखता यायला हवी, म्हणूनच शास्त्राने तिचं इतकं बारकाईने वर्णन केलं. पण ते वर्णन पुन्हा वाचताना मला जाणवतं, की शलमोनाची ती यादी माणसाच्या सबंध देहावरून फिरते. चढेल डोळे, लबाड जीभ, निरपराधाचं रक्त सांडणारे हात, वाईटाकडे धावणारे पाय, आणि मधोमध कट रचणारं हृदय. देवाने दिलेले अवयव सज्जनाचे आणि दुर्जनाचे सारखेच आहेत. ते कुणाच्या कामी येतात, त्यांच्या मागून जाणाऱ्याच्या वाट्याला काय उरतं, हे पाहायला वेळ लागतो. झाड फळावरून ओळखावं असं प्रभूने सांगितलं, तेव्हा त्यात हंगामाची वाट पाहणं आलंच. आक्का आता तो उतारा शेवटपर्यंत शिकवतात. वर्ग लांबतो आणि मुलं कुरकुरतात.

दानियलभाऊ गेल्या थंडीत झोपेतच गेले. शेलारच्या त्या रस्त्यावर बरेच लूम बंद होऊन गोदामं उभी राहिली आहेत, आणि दुपारी तिथून जाताना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो. मार्था अजूनही टीव्ही त्यांच्या कानांच्या मापाने मोठा लावते. वरच्या मजल्यावरचे शेजारी एरवी भांडायला आले असते, पण कुणी येत नाही. तो बंद केल्यावर तिच्या घरात जी शांतता पसरते, ती लग्नाआधीच्या शांततेसारखी नाही. ती रिकामी होती. हिच्यात कुणीतरी राहून गेलं आहे. काळ माणसाला घेऊन जातो आणि त्याला कुणाची हरकत चालत नाही, पण त्या माणसासाठी आपण एकदा दार उघडलं होतं, एवढी गोष्ट मात्र तो कुणाकडूनच परत नेऊ शकत नाही.